शेवटचं मीठ

“खारट लागलं तर हिचं नाव सांगू. नवीन आहे, खपून जाईल.” – असं म्हणाले, काकू, अगदी ह्याच शब्दांत. छे, तोंडावर कशाला म्हणतील? तोंडावर आमच्याकडे सगळे साखरेहून गोड. ऐकायचं नव्हतं ते माझ्या कानी आलं – आणि तेही चोरून नाही, दाराला कान लावून नाही, काल संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून आजची अंडी उकडता उकडता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय हं, नाहीतर मी अशी बसथांब्यावर अनोळखी माणसाला धरून बोलणाऱ्यांतली नाही – माहेरी विचारा, सासरी विचारा, ‘घुमी आहे’ म्हणतील. पण तुम्ही विचारलंत, ‘वाटी कोणाची?’ – आणि तुमची तरी काय चूक, एक बाई भर दुपारी एप्रन घालून, पायात घरातल्या सपाता, मांडीवर बदकाचं चित्र असलेली तान्ह्या मुलाची वाटी घेऊन बसलीय, आणि मूल कुठे दिसत नाही – कोणीही विचारेल. घाबरू नका, मूल घरी आहे, सुखरूप आहे, माझ्या नणंदेचं आहे. माझ्या लग्नाला तर अजून वर्षही नाही झालं. वाटीत ना? बटाटा आहे, घोटलेला. – नको, बोट नका लावू. आत्ता नको. आधी ऐका.

आज ईस्टर. सकाळी चर्चमधून आलो की दुपारी सगळ्यांनी एका टेबलावर जेवायचं, असा आमच्या सासरचा जुना पायंडा – एरवी दर रविवारीही हेच. सगळे म्हणजे काही लग्नाचं वऱ्हाड नव्हे – सासूबाई, सासरे, मोठे दीर, नणंद आणि तिचं बाळ, आणि आम्ही दोघं. नणंदेचे यजमान बोटीवर असतात, ते फोटोतून जेवतात. नियम एकच, विकतचं काही आणायचं नाही, प्रत्येकानं एक सोपासा पदार्थ घरी करायचा. मोठे दीर एकटे राहतात, ते पाव भाजून आणतात. गेल्या खेपेला सासूबाईंनी तो हातात घेऊन तोलून पाहिला नि म्हणाल्या, “बरं झालं आणलास, वाऱ्यानं दार आपटतं, त्याला लावायला काही नव्हतं.” अशा आहेत हो त्या! नणंद काकडी-टोमॅटोचं सॅलड करते – चिरायचं नि ढवळायचं, पण कौतुक मात्र जेवण संपेपर्यंत. सासरे कांद्याच्या सालांच्या पाण्यात अंडी ठेवून त्यांना तांबूस रंग चढवतात, मग प्रत्येक अंड्याला तेलाचं बोट लावून चकाकी आणतात, आणि कोणी ते फोडायला घेतलं की त्यांचा जीव खालीवर होतो. माझा नवरा कोंबडी करतो. म्हणजे काय करतो? लसूण चोळतो, पोटात लिंबू घालतो, ओव्हनमध्ये सरकवतो आणि दर थोड्या वेळानं दार उघडून तिची विचारपूस करतो – ह्याला तो स्वयंपाक म्हणतो. आणि माझ्याकडे बटाटे. उकडायचे, सोलायचे, दुधालोण्यात घोटायचे. ह्याहून सोपं काही असतं का? नसतं. मुद्दाम दिलं होतं.

पण मुख्य गोष्ट राहिली. ह्या घरात कोणीही पुरतं मीठ घालत नाही, काकू. अळणी खातात असं नव्हे – जो तो आपला पदार्थ जरा कमी मिठाचाच ठेवतो, आणि जेवायला बसण्याआधी सगळी भांडी ओट्यावर ओळीनं लावतात. मग सासूबाई हात धुऊन येतात, लाकडी मिठाचा डबा उघडतात आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात – इथे एक चिमूट, तिथे अर्धी, चमच्यानं ढवळ, तळहातावर थेंब, जिभेला लाव, पुढे चला. शेवटचं मीठ आईचं. मुलं लहान होती, एकेक जण स्वयंपाकात लुडबुड करायला लागला, तेव्हापासूनचं आहे म्हणे. लग्नानंतर पहिल्याच रविवारी मला जवळ ओढून म्हणाल्या, “चुली किती का होईनात, जिभेला घर एकच लागलं पाहिजे. तू हवं ते कर बाई, करपव, बिघडव, मी आहे. फक्त शेवटचं मीठ माझं.” मला इतकं आवडलं ते! माहेरी आम्ही ज्याची-त्याची बरणी जवळ ठेवणारी माणसं, ज्याला लागेल त्यानं वरून घ्या. इथे कोणीतरी सगळ्यांच्या ताटावरून एकच हात फिरवतंय – मी तर मनातल्या मनात तिथेच त्या बाईंची झाले.

आणि हात अजून तोच आहे हो, चिमूटही तीच, तसूभर इकडेतिकडे नाही. फक्त त्या टोकाला पोचल्या की ह्या टोकाला घातलंय हे विसरतात. हात पुसतात, खिडकीतून खाली रस्त्यावर बघतात, कोणाच्या तरी छत्रीवर, कुत्र्यावर काहीतरी बोलतात, वळतात, आणि अगदी उत्साहानं – “चला, शेवटचं मीठ राहिलंय.” पुन्हा पहिल्यापासून. आणि पूर्वी चाखायच्या ना, तेच आता विसरतात. जीभ बिघडलेली नाही त्यांची, तीच तर रड आहे. टेबलावर पहिला घास घेतला की सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळतं – “अरे, हे काय, कोणी घातलं एवढं?” – आणि सगळे आपापल्या ताटात बघतात. सासरे तर आता जेवायला बसायच्या आधीच मोठा तांब्या भरून शेजारी ठेवतात. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण एक घास टाकत नाहीत, पाणी पितात आणि म्हणतात, “छान झालंय.” चाळीसेक वर्षांचा संसार म्हणजे काय, तर ते पाणी, असं मला कधी कधी वाटतं.

पहिल्यांदा कोण म्हणालं, ‘वहिनीनं घातलं असेल, तिला कुठे माहितीय आपली पद्धत’? नणंद म्हणाली. सहज म्हणाली, हसत. आणि मी काय केलं? मी मान खाली घातली, कारण मला वाटलं, घातलंही असेल मी. खरंच वाटलं! नवीन घर, नवीन ओटा, माणूस स्वतःच्या हातावरही संशय घेतं. पुढच्या रविवारी मी मिठाला शिवलेसुद्धा नाही – आणि तरी खारट. त्याच्या पुढच्या रविवारी मी भांडी पुसण्याच्या निमित्तानं तिथेच घुटमळत राहिले, आणि मग दिसलं. झोपताना नवऱ्याला सांगितलं, “आई दोनदोनदा घालतात हो मीठ.” तो म्हणाला, “तुला वाटलं असेल.” दुसऱ्यांदा सांगितलं, तर म्हणाला, “अगं, तू नवीन आहेस, तिची पद्धत आहे ती, थोडंथोडं घालते.” आता बोला. जी गोष्ट मी डोळ्यांनी बघितली ती मला वाटली, आणि जी कोणी बघितली नाही ती पद्धत. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात – इतकं मीठ खाल्लंय मी ह्या घरचं, काकू, की आता जन्मभर डोळ्याला डोळा लागायचा नाही.

हं, तर कालचं. नणंद शनिवारीच राहायला आली बाळाला घेऊन. ते बाळाचं यंत्र असतं ना – एक डबी पाळण्याशी ठेवायची, दुसरी आपल्याजवळ, तिकडे बाळ कुरकुरलं की इकडे ऐकू येतं – ती डबी तिनंच माझ्या ओट्यावर आणून ठेवली. “वहिनी, तेवढा कान ठेव हं, मी जरा दादाशी बोलते.” ठेवला कान. सासूबाई सासऱ्यांबरोबर खाली फुलं आणायला गेल्या होत्या. बाळ काही रडलं नाही, मोठी माणसंच बोलायला लागली. आपण पाळण्याशीच उभे आहोत, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात नाही – मीठ विसरणाऱ्या आईला नावं ठेवा, आणि ह्यांची ही स्मरणशक्ती! मोठे दीर म्हणत होते, “परवा मी आलो तर दूध आटून पातेलं काळं ठिक्कर, आणि ही खिडकीत बसून मला विचारते, कसला वास येतोय रे?” नणंद म्हणाली, “सोमवारपासून मी कामावर जातेय, दादा, आता ऐनवेळी मला घाबरवू नकोस. आई नाही सांभाळणार तर कोण सांभाळणार ह्याला? विसरते थोडं. कोण विसरत नाही?” दीर म्हणाले, “एकदा डॉक्टरला दाखवू.” त्यावर तिसरा आवाज म्हणाला, “डॉक्टर एक नाव देईल. नाव मिळालं की आपण सगळे तिच्याकडे त्या नावानं बघायला लागू. ती स्वतःसुद्धा.” यंत्रातून बाळाचा श्वास तेवढा येत होता. मग नणंद – “आणि उद्या टेबलावर तिनंच विचारलं तर?” आणि मग ते. खारट लागलं तर हिचं नाव सांगू. आणि तिघं हसले – वाईट हसणं नव्हतं हो, दमलेली माणसं हसतात ना एखाद्या फालतू विनोदाला, सुटल्यासारखी, तसं.

राग? नाही आला. खरं सांगू – सांगू नये, पण आता निघालंच आहे – मला आधी बरं वाटलं. हसताय तुम्ही! पण वाटलं. हातात झारा, पातेल्यात अंडी एकमेकांना आपटतायत, आणि मी विचार करतेय, चला, ह्या घरात आपलाही काहीतरी उपयोग आहे. त्यांच्या आईचं नाव राखायला माझं नाव लागतंय. परक्याचं नाव कोणी वापरतं का? कोणी नाही. मी मनाशी ठरवूनही टाकलं, की असू दे, आपण जन्मभर वाईट स्वयंपाकीण. काय बिघडतं? अंडी जास्तच उकडली त्या विचारात, बलक निळसर झाले. ते मात्र खरंच माझं.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, काकू. नंबर तपासायच्या खोलीत समोर अक्षरांचा तक्ता, खुर्चीत कोणाची तरी म्हातारी आई, मागे मुलगा उभा. खालच्या ओळीवर ती अडखळली की तो मागून हळूच पुटपुटतो, अक्षरं सांगतो. फसवायला नाही सांगत – बघवत नाही त्याला, आई नापास होताना. मग ती बरोबर वाचते, सगळे खूश, आणि चुकीच्या नंबरचा चष्मा लावून घरी जाते, आणि मग एक दिवस जिन्यावरून पडली म्हणून कळतं. हल्ली आम्ही सोबतच्या माणसाला सरळ बाहेर बसवतो. दुकानात बसवता येतं. घरात कोणाला बाहेर बसवणार? – आता बघा, मीच बसलेय बाहेर. पण मला म्हणायचं होतं ते हे, की मला हे सगळं माहीत होतं. रोज बघते. आणि तरी काल मी त्या तिघांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि पुटपुटायला तयार झाले.

तिसरा आवाज कोणाचा होता? – यंत्रातून सगळेच आवाज डब्यातून आल्यासारखे येतात हो, काय कळतंय. तीन माणसं, तीन आवाज... कळला. का नाही कळणार? तोच आवाज रोज सकाळी ‘चहा ठेवलाय गं, ऊठ’ म्हणून मला उठवतो. जो मला म्हणाला ‘तुला वाटलं असेल’, त्याला सगळं ठाऊक होतं – माझ्याही आधीपासून. हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. जाऊ दे. त्यानं आईवरच्या मायेनं केलं. पण म्हणून ते मला रात्रभर टोचायचं राहिलं नाही.

आज सकाळी मी नि सासूबाई दोघीच होतो स्वयंपाकघरात. बटाटे घोटून झाले, मी बाळापुरतं आधीच ह्या वाटीत काढून खिडकीपाशी वेगळं ठेवलं, अगदी अळणी – आठ महिन्यांचं पोर, नुकतं वरचं खायला लागलंय, त्याला मिठाचा कणही द्यायचा नसतो. भांडी ओळीनं लागली. सासूबाईंनी डबा काढला, एक फेरी झाली, खिडकी झाली, कुत्रा झाला. वळल्या. आणि आज पहिल्यांदाच थबकल्या. डबा हातात तसाच, आणि मला म्हणतात, “ह्या बटाट्यात घातलं का गं मी?” मी म्हटलं, “घातलंत, आई.” “खरं?” “खरं.” माझ्याकडे बघत राहिल्या. मग जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या, “तूच घातलंयस, होय ना? भितेस कशाला, मी नाही सांगत कोणाला. पण पुन्हा नको घालू हं राणी. एवढं एकच राहिलंय माझ्याकडे.” आणि घातलं. समोर माझ्या, चिमूटभर, प्रेमानं.

खोट्याची करामत बघा. त्या बाईला अख्ख्या घरात एकच माणूस खरं सांगत होतं, आणि त्याचंच सांगणं खोटं ठरावं अशी तजवीज पोटच्या मुलांनी आधीच करून ठेवलेली. बरं, मुलं वाईट आहेत का? नाहीत. हेच तर अवघड आहे. वाईट असती तर मी ही वाटी घेऊन पळाले नसते, भांडून तिथेच बसले असते.

मग – हो, वाटी. तिथेच येतेय. मी अंड्यांची टोपली टेबलावर ठेवून आत आले, तर सासूबाई खिडकीपाशी, ह्या बदकावर डबा धरून. “ह्यालाही लागू दे की घरची चव.” मी धावलेच – “आई, बाळाचं आहे ते, त्याला मीठ नको!” तर केवढ्या हसल्या! म्हणाल्या, “अगं बाई, तीन पोरं वाढवली मी, तान्ह्या लेकराला मीठ घालतं का कोणी?” आणि डबा ठेवून दिला जागेवर. मला हायसं वाटलं. मूर्ख मी. तेवढ्यात कोंबडी बघायला आत आलेल्या नवऱ्याची ओव्हनपासून हाक, “अगं, धर, धर, भाजतंय,” म्हणून मी तापलेला ट्रे दोन्ही हातांत फडक्यानं धरला, वळले – आणि त्या पुन्हा तिथेच. चिमूट. ढवळलं. खिडकीतून बघितलं. पुन्हा चिमूट. मी ‘आई’ म्हणायला तोंड उघडलं तर मागून नणंद बाळाला कडेवर घेऊन आली, “झालं का आमच्या राजाचं?” म्हणत वाटी उचलली नि गेलीसुद्धा. आणि माझ्या हातात कोंबडी. आयुष्यभर घुमी म्हणून मिरवलं ना, त्याची किंमत तेव्हा कळली – मोठ्यानं हाक मारायची सवयच नाही मला. ट्रे ठेवायला जागा बघेस्तोवर सगळे खुर्च्यांवर बसलेले, प्रार्थना सुरू झालेली. प्रार्थनेत कसं बोलायचं? – बोलायला हवं होतं. मी डोळे मिटले नाहीत, चमच्याकडे बघत राहिले. चमचा खाली होता तोवर ठीक होतं.

आमेन झालं. पहिला घास. सासऱ्यांचा हात तांब्याकडे, दिरांचा पावाकडे, आणि सासूबाईंनी घास घेतला, थांबल्या, म्हणाल्या, “अरे देवा! ह्या बटाट्यात कोणी घातलं एवढं मीठ?” आणि टेबलाखाली माझ्या नवऱ्यानं माझा हात हातात घेतला. घट्ट. मला वाटलं – मला काय वाटलं ते सोडा. हात धरून तो सगळ्यांदेखत म्हणाला, “नवीन आहे, आई. शिकेल हळूहळू.” आणि सगळे हसले. सासूबाईही हसल्या, मला डोळ्यांनीच म्हणाल्या, बघ, मी नाही हो सांगितलं. आणि समोर नणंदेनं चमचा भरला, फुंकर घातली, “आऽऽ कर,” आणि त्या पोरानं चोच उघडावी तसं तोंड उघडलं.

माझी खुर्ची मागे पडली ती मला ऐकूच आली नाही. चमचा हिसकावला, वाटी हिसकावली, थोडं टेबलक्लॉथवर सांडलं. नणंद ओरडली, “वहिनी, वेडबिड लागलंय का?” बाळानं भोकाड पसरलं. आणि मी बोलले. किती दिवसांचं, एकदम. मोठ्यांदा बोलले असणार, कारण बाळ रडायचं थांबलं.

नंतर? सासऱ्यांनी भरलेला पेला तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला – प्यायले नाहीत. मोठे दीर पावाचा चुरा करत राहिले. नवरा म्हणाला, “बस गं खाली.” नुसतं एवढंच. आणि सासूबाई – त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मुलांकडेही नाही. आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. अंगठा आणि दोन बोटं, अशी, चिमूट धरावी तशी. त्यांच्यावर अजून कण होते. मग ती बोटं हळूच जिभेला लावली.

तेव्हा मी निघाले. वाटी हातात आहे हे इथे येऊन बसल्यावर कळलं.

नाही, बसची वाट नाही बघत मी. ती समोरची इमारत, दुसरा मजला, निळा पडदा – तेच घर. इतक्या लांब पळालेय बघा मी. मघापासून एकच विचार करतेय, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही सांगा. वाटी हिसकावली तेवढ्यानं काम झालं होतं ना? ‘बाळाला नको, मीठ आहे’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. मीठ कोणी घातलं, हे कोणी विचारलं होतं? त्यापुढचं मी बोलले ते बाळासाठी, की आईंसाठी, की सरळ माझ्या नावासाठी – जे काल मी एवढ्या उदारपणे देऊन टाकलं होतं? ‘एवढं एकच राहिलंय माझ्याकडे’ म्हणालेल्या बाईच्या हातून ते एकच मी घेतलं, भरल्या टेबलावर, सणाच्या दिवशी. आता म्हणाल, उद्या सोमवारपासून बाळ एकट्या आईंच्या हाती राहणार होतं, ते वाचलं. वाचलं. गॅसही वाचेल, सासऱ्यांचा रक्तदाबही वाचेल. सगळं वाचेल, आणि आई मात्र त्या ओट्यापाशी जायला धजणार नाहीत.

काकू, एक कराल? बोट लावा आता. अगदी एक कण. तुम्ही आमच्या कोणी नाही, तुम्हाला कोणाचं नाव राखायचं नाही. कित्येक रविवार मला सगळे सांगतायत की मला वाटलं असेल, आणि आता इथे बसल्या बसल्या मलाच वाटायला लागलंय की कदाचित नसेलही, कदाचित वाटीत नुसता बटाटाच असेल आणि मी त्या घराची राखरांगोळी करून आलेय. मला स्वतःला चाखायचा धीर होत नाही. लावा ना. – थुंका! थुंका, अहो गिळू नका, पाणी आहे का तुमच्याकडे? – हो ना? हो ना, काकू? बरं. बरं झालं. म्हणजे, बरं नाही झालं.

तुमची बस आली बघा. उठा, सणाची एकेक बस, ही गेली की बसाल ताटकळत. नाही, मी नाही येत, मी इथेच. पडदा हलला मघाशी – वारा असेल. तुम्ही जा. पिशवी घ्या ती. वाटी राहू दे, ती परत न्यायची आहे. – टेबलावर मी काय बोलले? पायरीवर पाय ठेवून काय विचारताय, चढा, तो ड्रायव्हर बघतोय! – बोलले, मुलांकडे बघून नाही, सरळ त्यांच्याकडे बघून बोलले, “आई, ह्या वाटीत मीठ तुम्ही घातलंय, आणि त्या बटाट्यातही, आणि आजवरच्या प्रत्येक रविवारी तुम्हीच. तुम्ही विसरता, आणि हे सगळे तुम्हाला सांगत नाहीत. मला मीठ घालता येतं हो, आई. येत नसतं तर किती बरं झालं असतं.”